सीमेपलीकडची आई

थायलंडमधल्या चांताबुरीच्या बसस्थानकावर मोटारसायकलवरून उतरलेली बाई आपली आई आहे, हे थावरीच्या क्षणभर ध्यानातच आलं नाही. केस काळे कुळकुळीत रंगवलेले, वर ते कुरळे करून आणलेले, अंगात लाल फुलांचा झुळझुळीत ब्लाउज, ओठांना लाली. साठी उलटलेली बाई! कंबोडियात, बटाम्बांगला थावरीच्या घरी होती तेव्हा हीच आई दोन विटक्या लुंग्यांवर वर्ष काढायची आणि केस भाजीच्या जुडीचं रबर लावून बांधायची.

मोटारसायकल चालवणारा म्हातारा खाली उतरला, आईची पिशवी त्यानं खांद्यावर घेतली आणि थावरीसमोर येऊन दोन्ही हात जोडले. बारीक, काळसर, पुढचा एक दात सोन्याचा. हाच तो बुनलू. लोंगान फळांच्या बागेचा राखणदार, बायको मेलेला, थाई.

थावरीनं मान वळवून बसच्या पाटीकडे बघितलं.

"हात जोड की त्याला," तिची आई सारोम म्हणाली. "वयानं मोठा आहे तुझ्यापेक्षा."

"बस कुठली ती सांग. उगाच उन्हात उभं राहायला मी आले नाहीये."

"म्हणून तर म्हणत होते, बागेत ये. सावलीत बसली असतीस. जेवून निघालो असतो."

"त्याच्या घरात? माझं पाऊल नाही पडायचं तिथं."

बुनलूला कंबोडियाची ख्मेर भाषा येत होती की नाही कोण जाणे, पण सूर त्याला कळला असावा. त्यानं बांबूच्या नळीत भाजलेल्या गोड भाताच्या दोन कांड्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवल्या, आईला थाईत काहीतरी हळू सांगितलं, आणि तो जाऊन मोटारसायकलच्या आडोशाला उभा राहिला. बस सुटेपर्यंत तो तिथंच उभा होता. सारोमनं खिडकीतून त्याला हात केला तेव्हा थावरीलाच लाज वाटली. शाळेतल्या पोरी करतात तसा तिनं हात केला होता.

थावरी पहाटे अंधारातच घरातून निघाली होती. पाइलिनपर्यंत टॅक्सी, पुढं सीमा, पुढं ही बस. आणि त्याच दिवशी आईला घेऊन उलटं फिरायचं होतं, कारण परवा धाकट्या भावाचं, वीरकचं, लग्न होतं. दोन वर्षांपूर्वी सारोम लोंगान तोडणाऱ्या टोळीबरोबर सीमेपलीकडं गेली होती. हंगाम संपला, टोळी परत आली, सारोम आली नाही. फोन करून एवढंच म्हणाली, "मी इथंच राहते. इथं माणूस बरा आहे."

ती गेली त्या आठवड्यात थावरीचा मुलगा नारित डेंग्यूनं इस्पितळात होता. नवरा नोम पेन्हला इमारतींच्या कामावर, सणासुदीलाच घरी उगवणारा. थावरी दिवसा बाजारात प्रोहोकचं, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं दुकान सांभाळायची आणि रात्री इस्पितळाच्या फरशीवर बसायची. धाकट्या मुलीला कधी शेजारीण बघायची, कधी कुणीच नाही. नारित वाचला, पण थावरीच्या मनातून ते गेलं नाही. आपलं पोर मरणाच्या दारात आणि आई परमुलखात पुरुष शोधतेय, हे ती रोज मासळी चिवडताना स्वतःशी म्हणायची, आणि रोज तेवढीच चिडायची.

ही बस म्हणजे बारा-चौदा माणसांची छोटी गाडी होती, आणि तीत वीस माणसं कोंबली होती. ड्रायव्हरनं सगळ्या कंबोडियन बायांना मागं, मालाच्या खोक्यांजवळ बसायला सांगितलं. थावरी मुकाट मागं गेली. सारोम मात्र दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि थाईत अशी काही तडकली, की ड्रायव्हरनं हसत हसत पुढच्या बाकावरचं आपलं जाकीट उचललं. सारोम ऐटीत तिथं बसली. मागं वळून म्हणाली, "तू पण ये की. बोलल्याशिवाय या जगात कुणी जागा देत नाही."

"मी खोक्यावर बरी आहे."

"मग बस खोक्यावर. आणि मग सगळ्या जगाला सांग, आईनं खोक्यावर बसवलं."

डोंगराच्या पायथ्याला सैनिकांची चौकी होती. एक कोवळा सैनिक आत चढला आणि एकेकाची कागदपत्रं बघू लागला. सारोमशी तो दोन शब्द बोलला, तिनं चार उलटे दिले, आणि अख्खी बस खो खो हसली. सैनिकानं मागं थावरीकडं बघितलं आणि तोही हसला. थावरीला एक अक्षर कळलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय सांगितलंस त्याला?" गाडी चालू झाल्यावर तिनं पुढं ओरडून विचारलं.

"म्हटलं, ती माझी मुलगी. तो म्हणाला, खरं वाटत नाही, ती तुमची सासू वाटते."

शेजारची ख्मेर बाई तोंडावर पदरासारखा टॉवेल धरून हसायला लागली. थावरीनं तिच्याकडं असं बघितलं, की तिनं टॉवेल डोळ्यांपर्यंत वर नेला.

सीमेवर रांग लांब होती आणि वर पत्रा तापला होता. भाजीच्या हातगाड्या, तान्ही मुलं, बर्फाच्या पेट्या, सगळं एकाच दरवाज्यातून जात होतं. खिडकीतल्या माणसानं सारोमचं आणि थावरीचं पारपत्र एकदमच सरकवलं. थावरीनं दोन्ही उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"माझं दे," सारोम म्हणाली.

"माझ्याकडं राहू दे. तू हरवशील."

"दोन वर्षं मीच सांभाळलं ते."

"आई, चल. मागं लोक आहेत."

मागं खरंच लोक होते, आणि ते ढकलत होते. सारोम पुढं झाली. कंबोडियाच्या बाजूचे कॅसिनो, त्यांच्या काचा, बाहेर झोपलेली कुत्री, हे सगळं मागं टाकून त्या टॅक्सीच्या अड्ड्याकडं निघाल्या. पण थावरी अड्ड्याच्या अलीकडंच वळली. तिथं चिंचेच्या झाडाखाली एका न्हाव्यानं खुर्ची मांडली होती. झाडाला आरसा टांगलेला. थावरीनं त्याला सकाळी जातानाच सांगून ठेवलं होतं. तिला बघून त्यानं खुर्ची फडक्यानं झटकली.

"बस," थावरी आईला म्हणाली.

"मी? कशाला?"

थावरीनं पिशवीतून पांढरा ब्लाउज, पांढरी लुंगी आणि खांद्यावर घ्यायचं पांढरं उपरणं काढलं. आईच्या तोंडाकडं न बघता ती घाईघाईनं बोलू लागली. मुलीकडचे लोक मोठे आहेत. भाताची गिरणी आहे त्यांची. मुलीची आई प्रत्येक अष्टमीला विहारात जाते. बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, मुलाची आई कुठं असते? आता काय सांगायचं होतं? परक्या पुरुषाबरोबर राहते म्हणून? मग सांगून टाकलं, की आईनं संसार सोडला, डोकं भादरलं, ती थायलंडच्या एका विहारात उपासिका आहे. त्या बाईनं जागच्या जागी हात जोडले. म्हणाली, अशा आईचा मुलगा आम्हाला जावई म्हणून मिळतोय, आमचं पुण्य. तेव्हापासून सगळ्या गावाला तेच माहीत आहे.

"केस काय, पुन्हा येतील," थावरीनं शेवट केला. "तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

सारोम आधी हसली. मोठ्यानं हसली, झाडाला धरून हसली. आणि मग हसता हसताच तिचा चेहरा बदलत गेला.

"तू मला मेलेली सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"तेच सांगणार होते. वीरक नको म्हणाला."

"आजी, माझा हात हलका आहे," न्हावी वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणाला. "विहारातल्या कितीतरी आज्यांचं मी करतो. कळणारसुद्धा नाही."

"तुझ्या बायकोचं कर आधी," सारोम म्हणाली.

"यिय!" तिकडून टॅक्सीवाला ओरडला. म्हाताऱ्या बाईला तिकडं सगळे यियच म्हणतात. "डोकं करायचं तर पटकन करा, नाहीतर केसांसकट चला! दोन जागा उरल्यात, मी कुणासाठी थांबणार नाही!"

सारोमनं आपली पिशवी उचलली आणि लाल ब्लाउजातच जाऊन टॅक्सीच्या पुढच्या सीटवर बसली. थावरी पांढऱ्या कपड्यांचा बोळा करून तिच्या मागं धावली. म्हटलं, वाट दीड-दोन तासांची आहे. वाटेत पटवू. पाइलिनला न्हावी आहेत, बटाम्बांगला तर गल्लोगल्ली आहेत.

जुनी टोयोटा होती. मागं चौघं, पुढं ड्रायव्हर धरून तिघं. मागं थावरीला दाराशी जागा मिळाली. तिच्या शेजारी एक थोराड व्यापारीण होती, मांडीवर थाई साबणांचं खोकं, पायाशी दुसरं. पलीकडं मक्याच्या शेतावरचे दोन मजूर, बसल्या बसल्या झोपलेले. पुढं सारोम आणि दार यांच्या मधे एक मुका वाटावा इतका गप्प माणूस चेपून बसला होता.

"लग्नाला का, मावशी?" ब्लाउजाकडं बघून व्यापारिणीनं विचारलं.

थावरी म्हणाली, "आई, गप्प बस."

एवढं पुरलं. सारोमनं मागं वळून, सीटच्या पाठीवर कोपर ठेवून, सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मुलाचं लग्न, गिरणीवाले, पांढरे कपडे, न्हावी. व्यापारिणीचे डोळे मोठे होत गेले. झोपलेल्यांपैकी एक मजूर जागा झाला.

"आणि तो थाई? करतो काय?" व्यापारिणीला राहवलं नाही.

"बाग राखतो. सकाळी भात तो शिजवतो."

"तो शिजवतो? अगं बाई."

"मग! मी उठते तेव्हा चहा झालेला असतो. अकरा वर्षं मी हिच्या घरी होते. एवढ्या काळात एका सकाळी कुणी मला विचारलं नाही, आई, तू चहा घेतलास का?"

"आई!" थावरी ओरडली.

"ओरड. इथं सगळे आपलेच आहेत. स्वयंपाकघरात चुलीजवळ चटई होती माझी. पाऊस आला की भिंतीतून पाणी यायचं. मी म्हटलं, थावरी, एक फळी टाक गं. म्हणाली, बघू. पोरं मी वाढवली, मासळी मी खारवली, कपडे मी धुतले..."

"आणि तुला खायला कोण घालत होतं?" थावरीचा आवाज फाटला. "बाबा गेले तेव्हा तुला कोण विचारत होतं? तुझे भाऊ आले होते? मी ठेवलं तुला! मी! आणि माझा पोरगा मरायला टेकला तेव्हा तू पिशवी उचलून चालती झालीस!"

व्यापारिणीनं साबणाच्या खोक्याची दोरी चाचपली.

सारोम पुढं बघत म्हणाली, "तो बरा होत होता. डॉक्टरनं सांगितलं होतं."

"खोटं!"

"तुझ्यासमोरच सांगितलं होतं. टोळीची गाडी त्या दिवशी गेली असती तर पुन्हा पुढच्या हंगामाला. म्हटलं, आत्ता गेले नाही तर इथंच चुलीजवळ मरेन."

थावरीला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिनं सीटवरून हात पुढं घालून आईचा खांदा धरला आणि ओढला. काय करायचं होतं ते तिलाही माहीत नव्हतं. बहुतेक आईचं तोंड आपल्याकडं वळवायचं होतं. सारोम किंचाळली, तिचा हात ड्रायव्हरच्या हातावर आपटला, गाडी डावीकडं गेली, उजवीकडं गेली, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या इतकी जवळून गेली की बाहेरचा आरसा खाड्दिशी तुटून गेला.

ड्रायव्हरनं गाडी कडेला घातली. काही वेळ तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मग उतरला, मागची डिकी उघडली, सारोमची पिशवी काढून रस्त्यावर ठेवली.

"उतरा."

"दादा, ऐका..." थावरी म्हणाली.

"मला दोन लेकरं आहेत. उतरा. तुमचं कुणी भिक्षुणी होऊ दे नाहीतर कुणी पळून जाऊ दे, माझ्या गाडीत नको."

"अहो, रस्त्यात कुठं सोडता बायकांना?" व्यापारीण म्हणाली. पण थावरी उतरल्या उतरल्या तिनं एक खोकं मांडीवरून मोकळ्या जागेत सरकवलंही.

टॅक्सी गेली. दोन्ही बाजूंना कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची शेतं, लांबवर उघडे डोंगर, आणि रस्त्याच्या कडेनं वाळत घातलेले कसाव्याचे काप, पांढऱ्या सड्यासारखे. आंबूस वास नाकात शिरत होता. पाइलिन मागं राहिलं होतं आणि बटाम्बांग अजून बरंच पुढं होतं. डोक्यावर ऊन, आणि दोघी एकमेकींकडं पाठ करून उभ्या.

तेवढ्यात थावरीचा फोन वाजला. वीरक होता. "बोंग, कुठं पोचलात?" थोरल्या बहिणीला तो बोंग म्हणे.

"रस्त्यात. तुझ्या आईनं उतरवलं आम्हाला."

सारोमनं येऊन फोन तिच्या हातातून घेतला. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "वीरक, बाळा. मी आहे. ऐक, तुझी बहीण म्हणते मी डोकं भादरायचं. तुला माहीत होतं हे?"

थावरी जवळच उभी होती. तिला भावाचं घसा खाकरणं ऐकू आलं.

"तू बोल. तू म्हणशील तसं करते. तू म्हण, आई, आहेस तशी ये, मी येते. तू म्हण, करून ये, तर..." सारोम थांबली. "बोल की रे."

"आई, तिचे आईवडील... म्हणजे, आता पाहुण्यांना सगळं सांगून झालंय. बोंग म्हणते तसंच कर ना. तीन दिवस. मग मी तुला नवे कपडे घेईन."

सारोमनं फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडं बघितलं, आणि थावरीच्या हातात परत दिला. ती मागं सरून रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसली. तिच्या चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळली होती. थावरीला वाटलं, जिंकले. आता ही कुरकुर करत का होईना, पण करेल. मुलासाठी करेल.

तेव्हाच तिनं बोलायला नको होतं ते बोलून टाकलं.

"हे बघ, लग्नानंतर वीरक सासरी राहायला जाणार. घर रिकामंच आहे. तू वीरकच्या खोलीत झोप, पलंग आहे तिथं. नारितची शाळा, धाकटीचं सगळं, मला एकटीला होत नाही. उपासिका घरी राहिली म्हणून कुणी काही म्हणत नाही."

सारोमनं हळूहळू मान वर केली.

"म्हणजे तीन दिवस नाहीत."

थावरीनं पर्स काखेत दाबून धरली.

"म्हणून माझं पारपत्र घेतलंस."

"माझ्या घरात तुला काय कमी होतं? त्या दातवाल्या म्हाताऱ्याकडं तू कोण आहेस? उद्या त्यानं हाकललं तर रस्त्यावर येशील. कागदावर तू त्याची कुणीसुद्धा नाहीस!"

"दे."

"नाही देत."

"थावरी, दे म्हणते."

"नाही! सगळं आयुष्य तू मनाचं करायचंस आणि निस्तरायचं मी?"

सारोम उठली आणि तिनं पर्सला हात घातला. थावरीनं पर्स छातीशी धरली. दोघी भर रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुरळ्यात, एकमेकींना ओढू लागल्या. सारोमच्या बोटांत बागेतल्या कामाची ताकद होती. पर्सचा पट्टा तुटला, थावरीचा पाय कसाव्याच्या कापांवरून घसरला आणि ती त्या पांढऱ्या सड्यात आडवी झाली. पर्समधलं सगळं बाहेर सांडलं.

"ए! ए सटव्यांनो!" शेतातल्या झोपडीतून एक म्हातारी हातात दाताळं घेऊन धावत आली. "माझा कसावा! चार दिवस वाळवलाय मी! उठ तिथून, उठ! आखाडा समजलात काय!"

थावरी उठायच्या आत सारोमनं आपलं पारपत्र उचललं होतं. थावरीनं तिच्या मनगटाला धरलं. तेव्हा सारोमनं मोकळ्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. अडतीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या आईला, त्या अनोळखी म्हातारीसमोर.

थावरीनं मनगट सोडलं. गालापेक्षा तिला दुसरंच काहीतरी लागलं होतं. लहानपणी आईनं तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"मी येत होते," सारोम धापा टाकत म्हणाली. "त्याच्यासाठी हे केस कुरळे करून घेतले मी. पोराच्या लग्नात बरी दिसावी म्हणून. बुनलू म्हणत होता, जाऊ नको, तुला परत सोडायचे नाहीत. मी त्याच्याशी भांडून आले. म्हटलं, माझी मुलं तशी नाहीत."

"जा मग," थावरी म्हणाली. तिचा आवाज अगदी थंड निघाला. "जा. आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू मेलीस तर मी येणार नाही. राखसुद्धा आणायला येणार नाही."

"राख तोच ठेवील."

म्हातारी दाताळं टेकवून दोघींकडं बघत उभी होती.

सीमेकडं जाणारी एक मालवाहू गाडी येत होती, वर प्लास्टिकच्या रिकाम्या टोपल्या रचलेल्या. सारोमनं रस्त्यात जाऊन दोन्ही हात हलवले. गाडी थांबली. चढायच्या आधी तिनं पिशवी उघडली, बांबूच्या भाताच्या दोन्ही कांड्या काढल्या आणि मैलाच्या दगडावर ठेवल्या. "नारितला दे," एवढंच म्हणाली. ड्रायव्हरशेजारी बसून तिनं दार ओढून घेतलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. थावरी मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. एकदा तिचा पाय रस्त्यावर पडलाही. पण तिनं तो मागं घेतला.

"मुलगी का गं तू तिची?" म्हातारीनं विचारलं.

भाताच्या कांड्या उचलून थावरीनं कसाव्याच्या शेतात लांब भिरकावल्या. मग खाली बसून पैसे, फोन, कंगवा, किल्ल्या गोळा करू लागली. पांढरे कपडे धुळीनं राखाडी झाले होते. ते तिनं म्हातारीला दिले. म्हातारीनं झटकून, उजेडाकडं धरून बघितलं, आणि ठेवून घेतले.

लग्न पार पडलं. उपासिकेनं मौन घेतलंय, भंते तिला सोडत नाहीत, असं थावरीनं सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, आणि आईच्या जागेवर वीरकची काकू बसली. वीरक दोन दिवस बहिणीच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. थावरीही त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाहुणे जेवले, गाणी झाली, भांडी घासून झाली. मग वीरक सासरी गेला, आणि थावरीच्या घरात ती, दोन मुलं आणि मासळीचे रांजण उरले.

नववर्षाच्या सणाला वीरक बायकोला घेऊन आला. भावजय तोंडाची मोकळी होती. मुलांना लोंगान सोलून देता देता सहज बोलून गेली, "सासूबाईंच्या बागेतले आहेत. आम्ही गेलो होतो ना. माझी आईपण आली होती. केवढी हसवतात हो त्या!" वीरकनं तिला कोपर मारलं, पण तोवर उशीर झाला होता.

थावरीनं हातातला चाकू खाली ठेवला. म्हणजे गिरणीवाल्यांना सगळं माहीत होतं. आणि त्यांनी काही मानलं नव्हतं. आपण एकटीच ते खोटं अजून सांभाळत बसलो होतो.

"तुला सांगणारच होतो," वीरक म्हणाला.

"फळं घेऊन जा," थावरी म्हणाली. "माझ्या घरात नकोत."

"बोंग, पोरं खाताहेत..."

"घेऊन जा म्हटलं ना!"

ते गेल्यावर तिनं मुलांना झोपवलं आणि आईचा नंबर लावला. घंटा बरीच वाजली. पलीकडं टीव्ही चालू होता, आणि पुरुषाच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"काय आहे?" सारोम म्हणाली.

"वीरकच्या सासूला सगळं सांगितलंस?"

"तिनं विचारलं, मी सांगितलं."

"मला तोंडघशी पाडायला?"

"खोटं तू बोललीस. मी कशाला झाकू?"

थावरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नारित कसा आहे?" सारोमनं विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"मग ठेव फोन," सारोम म्हणाली. "भात लागतोय माझा."

थावरीनं फोन ठेवला. मग उठून तिनं उद्याची मासळी धुवायला घेतली.